घरपट्टीच्या बिलात पावसाचं पाणी नेमकं कुठंय?

इंदिरानगरचा_सेक्रेटरी

नमस्कार मंडळी, विषय जरा विचित्र आहे पण शेवटपर्यंत वाचा. इथं नाशिकला आमच्या सोसायटीत मागच्या बाजूला साधारण २०० चौरस मीटरची बाग आहे, बाग म्हणजे नावालाच, दोन चाफे, एक कढीपत्ता आणि बाकी सगळं गवत. गाड्या वाढल्यात त्यामुळे अर्ध्या लोकांचं म्हणणं की ते काढा आणि काँक्रीट मारून पार्किंग करा. येत्या एजीएमला, म्हणजे वार्षिक सभेला, ठराव येतोय आणि सेक्रेटरी म्हणून मलाच तो मांडायचाय. तेवढ्यात परवा चुलतभावाशी बोलणं झालं, तो तिकडे अमेरिकेत पोर्टलंडला असतो. त्याला म्हटलं बाग काढतोय, तर तो म्हणे आमच्याकडे असं केलं तर बिल वाढतं. कसलं बिल? तर म्हणे पावसाचं! त्यांच्या पाण्याच्या बिलातच सांडपाण्याच्या खाली एक ओळ असते, स्टॉर्मवॉटर. तुमचं छप्पर, गाडीचा रस्ता, फरशी, ज्या ज्या जागेवर पाणी न मुरता वाहून जातं त्याचे पैसे. मी हसलो, पण रात्री झोपताना डोक्यात किडा वळवळायला लागला की मग आपल्याकडे पावसाळी गटारीचे पैसे देतं कोण? घरपट्टीचं बिल काढून बघितलं तर सर्वसाधारण कर आहे, मलनिःसारणाचा आहे, शिक्षण कर, रोजगार हमी, वृक्ष कर, अग्निशमन, सगळे आहेत, पावसाच्या पाण्याचा कुठं पत्ताच नाही. कोणाला माहिती असेल तर सांगा.

खडूस_काकू

अहो हळू बोला. भिंतींना कान असतात, उद्या खरंच लावतील.

सिडकोकर

काय भो, एवढी घरपट्टी भरून पहिल्या वळवाच्या पावसात आमच्या गल्लीत पोटरीएवढं पाणी असतं आणि तुम्ही अजून एक बिल शोधून आणताय. आधी आहे त्या जाळ्यांमधल्या प्लास्टिकच्या पिशव्या काढा म्हणावं.

नकाशावाला

सेक्रेटरीसाहेब, मी सिव्हिलचा माणूस आहे, थोडं लांबेल, चहा घेऊन बसा.

आधी एक घोळ मिटवू. आपल्या बिलातला मलनिःसारणाचा पैसा भुयारी गटारीचा, म्हणजे संडास-बाथरूम-मोरीचं पाणी, जे तपोवन, आगरटाकळी, चेहेडी वगैरे ठिकाणच्या शुद्धीकरण केंद्रांवर जायला हवं. पावसाळी गटार ही वेगळी लाईन, तिच्यातलं पाणी शुद्धीकरणाला जात नाही, थेट नाल्यात, नासर्डीत, वाघाडीत आणि तिथून गोदावरीत. ही पावसाळी गटार योजना आपल्याकडे मोठ्या प्रमाणात झाली ती जेएनएनयूआरएम या केंद्राच्या शहरविकास योजनेच्या पैशातून, ती योजना २००५ च्या शेवटी सुरू झाली आणि नाशिकच्या आकाराच्या शहरांना केंद्राचे ५० टक्के, राज्याचे २० आणि स्वतःचे ३० असा हिशेब होता. म्हणजे पाइप टाकायला दिल्लीचा पैसा आला. पण पाइप एकदाच टाकायचा असतो, जाळी मात्र दरवर्षी साफ करायची असते, ढापा फुटला की बदलायचा असतो, चेंबरमधला गाळ मे महिन्यात उपसायचा असतो, आणि त्याला दिल्ली पैसे देत नाही. तो खर्च सर्वसाधारण तिजोरीतून, म्हणजे जिथून दिवाबत्ती, बागा, रस्ते, पगार सगळं चालतं तिथूनच. जे शेवटी उरेल ते गटारीला.

तुमच्या भावाकडची पद्धत नेमकी याच्याविरुद्ध. तिथं त्या ओळीखाली जमा झालेला पैसा पावसाच्या पाण्याच्याच खात्यात जातो आणि आकारणी घराच्या किमतीवर नाही, न मुरणाऱ्या जागेवर. विमानातून काढलेल्या फोटोंवरून मोजतात की छप्पर किती, डांबर किती. घर दहा कोटीचं असो की पन्नास लाखाचं, छपराची सावली सारखी तर आकार सारखा. दहा मजली असो की एक मजली, पाऊस काय प्रत्येक मजल्यावर वेगळा पडत नाही.

फिलाडेल्फियाचं उदाहरण मला फार आवडतं. तिथं पूर्वी दुकानं-कारखान्यांना पावसाच्या पाण्याचा आकार नळाच्या मीटरच्या साइझवर लावायचे. म्हणजे काय झालं, की एकरभर डांबरी पार्किंग, पण नळच नाही, तर बिल शून्य! आणि मोठा नळ असलेली पण छोट्या जागेवरची इमारत भरतेय ढीगभर. २०१० पासून त्यांनी ते बदलून जागेवर आणि न मुरणाऱ्या क्षेत्रफळावर नेलं, टप्प्याटप्प्यानं. अर्थात पार्किंगवाल्यांनी बोंब मारली.

सिडकोकर

थांबा थांबा. जागेवर लावायचं ना, मग माझं घर बघा. सिडकोचं घर, प्लॉट एवढुसा, आणि इंच न् इंच बांधलेला, माझ्याकडे कुंडी ठेवायला जागा नाही, पाणी मुरवू कुठं? आणि गंगापूर रोडचा बंगलेवाला म्हणणार माझ्याकडे लॉन आहे, मला सूट द्या. म्हणजे ज्याच्याकडे जागा त्यालाच माफी. वा रे न्याय.

नकाशावाला

नाही, तुमचा आकार तुमच्या छपराएवढाच. तुमचं सगळं घर मिळून समजा ४० चौरस मीटर, बंगल्याचं नुसतं छप्पर आणि पोर्च धरलं तरी २००, वर फाटकापासून गॅरेजपर्यंतची फरशी. लॉन वगळूनही तो तुमच्या पाच-सहा पट भरेल. पण तुमची शंका पूर्ण चुकीची नाही, गंमत पुढं आहे. प्रत्येक घर मोजत बसायला वेळ आणि पैसा लागतो म्हणून बऱ्याच शहरांनी घरगुतीला सरसकट सरासरी लावलीय, फिलाडेल्फियातही घरांना एकच ठरावीक आकार. तिथं मात्र तुमच्यासारख्याच्या खिशाला चाट बसते. मिनीॲपोलिसनं त्यावर थोडा मधला मार्ग काढलाय, १५३० चौरस फूट न मुरणारी जागा म्हणजे एक युनिट, आणि एका कुटुंबाच्या घरांचे तीन गट, लहानाला पाऊण युनिट, मध्यमाला एक, मोठ्याला सव्वा. पाऊण आणि सव्वा, एवढाच फरक! महाल असला तरी सव्वा.

सिडकोकर

मग तेच म्हणतोय ना मी.

गोदाकाठ

आमचं घर जुन्या गावात, सराफ बाजारापासून हाकेच्या अंतरावर. माझे आजोबा पूर आला की पाणी किती फुटांवर गेलं असं कधी विचारायचे नाहीत, गोदापात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला कुठपर्यंत आलं एवढंच विचारायचे. गुडघा म्हणजे ठीक, कंबर म्हणजे माल वर न्या, छाती म्हणजे दुकानाकडं बघूच नका. २००८ च्या सप्टेंबरमध्ये आणि नंतर २०१६ च्या ऑगस्टमध्ये, २०१९ ला, सगळं बघितलंय.

माझा मुद्दा असा की तुम्ही वर इंदिरानगर, पाथर्डी फाटा, गंगापूर रोड इकडं काँक्रीट करणार, पाणी पळत सुटणार आणि ते जमणार कुठं, तर खाली. सरस्वती नाला आमच्या पायाखालून जातो, झाकलेला आहे म्हणून लोकांना वाटतं नालाच नाही, पण जोराचा पाऊस झाला की तो स्वतःची आठवण करून देतो. आणि अजून एक, गंगापूर धरणातून पाणी सोडलं की नदीची पातळी गटारीच्या तोंडाच्या वर जाते, मग गटारीतलं पाणी बाहेर पडायच्या ऐवजी उलटं येतं. आमच्याकडं पाऊस थांबलेला असतो, ऊन पडलेलं असतं, आणि जाळीतून पाणी वर येत असतं. लहान पोरं ते बघायला जमतात. तेव्हा वरच्यांनी जास्त भरावं असं मला तरी चुकीचं वाटत नाही. आमच्या छपराचं पाणी दहा मिनिटांत नदीत जातं, त्रास आम्हाला दुसऱ्यांच्या छपराचा.

मखमलाबादचा_मळेकरी

वाचतोय. पण 'जागेवर आकार' हा शब्द ऐकला की आमच्या पोटात गोळा येतो. २०१८ ला मुंढे साहेब आयुक्त असताना करपात्र मूल्याचे, म्हणजे ज्यावर घरपट्टी ठरते त्याचे दर वाढवले, तेव्हा मोकळ्या जमिनीवरही कर म्हणून शेतकरी रस्त्यावर उतरले होते ते विसरलात काय? द्राक्षबाग हद्दीत आली हा काय आमचा गुन्हा? उद्या कोणी म्हणालं की एकरी इतके पैसे पावसाचे, तर?

नकाशावाला

मळेकरीदादा, या पद्धतीत उलट तुमचाच फायदा आहे. मळ्यात पडलेलं पाणी बरंचसं मळ्यात मुरतं. मोजायचं काय तर घर, शेड, ओटा. मात्र एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, दाबून बसवलेला मुरूम हा बऱ्याच ठिकाणी न मुरणाऱ्यातच धरतात, कारण रोज गाड्या जाऊन जाऊन तो फरशीसारखा होतो. म्हणजे लग्नाची लॉन्स घ्या. नाव लॉन्स, हिरवळ असते वधूवरांच्या स्टेजपुढं, आणि बाकी दोन एकर मुरूम पार्किंगला.

खडूस_काकू

म्हणजे अक्षता टाकायच्या आणि वर पावसाचे पैसेही वधूपित्यानं द्यायचे, पॅकेजमध्ये.

काळा_कोट

कायद्याचं थोडं बोलतो. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमात कलम १२७ आणि १२९ मध्ये मालमत्ता कर कशाकशाचा मिळून होतो ते दिलंय, पाणीपट्टी, सफाईचा, सर्वसाधारण कर, इत्यादी. हे करपात्र मूल्यावर लागतात, करपात्र मूल्य म्हणजे तुमची जागा वर्षाला किती भाड्यानं जाईल त्यातून दुरुस्तीपोटी १० टक्के वजा. बघा, यात भाडं आलं, पाणी कुठं आलंच नाही. कॉलेज रोडच्या गाळ्याचं भाडं जास्त म्हणून कर जास्त, त्या गाळ्याच्या डोक्यावर चार मजले असले आणि त्याच्या वाट्याला छप्पर रुमालाएवढं आलं तरी. बिल सहामाही, एप्रिल आणि ऑक्टोबरचं, थकवलं तर महिना दोन टक्के शास्ती, हे सगळ्यांना पाठ आहेच.

आता कर वेगळा आणि शुल्क वेगळं. सुप्रीम कोर्टानं १९५४ साली शिरूर मठाच्या खटल्यात हा फरक सांगितला, कराच्या बदल्यात तुम्हाला अमुक सेवा मिळालीच पाहिजे असं नसतं, शुल्क मात्र सेवेपोटी असतं. नंतरच्या निकालांनी तेवढं ताणलं नाही, पै न् पैचा हिशेब जुळायची गरज नाही, ढोबळ संबंध पुरे. पण सेवा तर हवीच. म्हणजे उद्या शुल्क लावलं आणि जाळी तुंबलेलीच राहिली तर लोकांना प्रश्न विचारायला जास्त जागा राहते, हा माझ्या मते शुल्काचा खरा फायदा. दुसरं, सर्वसाधारण करातून निव्वळ पूजेच्या आणि धर्मादाय कामाच्या इमारतींना कलम १३२ खाली सूट आहे. अमेरिकेत हे शुल्क आहे म्हणून बऱ्याच शहरांत चर्च आणि शाळाही भरतात, एवढंच काय, २०११ पासून केंद्र सरकारच्या इमारतींनीही वाजवी आकार भरायचा असा कायदाच आहे. आपल्याकडे कुठल्या देवस्थानाला पावसाचं बिल पाठवायची हिंमत कोण करेल ते मला बघायचंय.

बाकी लोक काही तिकडेही आनंदानं भरत नाहीत. मेरीलँडमध्ये २०१२ ला मोठ्या जिल्ह्यांना हे शुल्क सक्तीचं केलं, विरोधकांनी त्याला 'पावसावरचा कर' असं नाव ठेवलं, नाव असं चिकटलं की २०१५ ला सक्ती काढावी लागली.

इंदिरानगरचा_सेक्रेटरी

बापरे, चांगलंच रंगलं. काळा_कोट, करपात्र मूल्याचं एवढं सोपं करून कोणी सांगितलं नव्हतं, आभार.

भावाला परत फोन केला. पोर्टलंडमध्ये त्या ओळीचे दोन भाग आहेत, ६५ टक्के रस्त्यांवरच्या आणि सार्वजनिक पाण्यासाठी, ते कोणाला चुकत नाहीत कारण रस्ता सगळेच वापरतात. उरलेले ३५ टक्के तुमच्या स्वतःच्या जागेतल्या पाण्याचे, आणि ते तुम्ही स्वतःच्या आवारात जिरवलं तर त्या ३५ ची पूर्ण सूटसुद्धा मिळू शकते. त्यानं पन्हाळीचं पाणी गटारीतून काढून अंगणातल्या खड्ड्यात सोडलंय, खडी आणि झाडं लावून. मला हे ३५-६५ भारी वाटलं, कारण आमच्या मीटिंगला कोणी ना कोणी म्हणणारच की मी माझं पाणी जिरवतो मग मी एक रुपया का देऊ.

नकाशावाला, आमच्या बागेचा हिशेब करून द्याल का? प्लॉट १००० मीटर, छप्पर ४५०, पुढची फरशी ३५०, बाग २००.

नकाशावाला

करतो की. एक मिलिमीटर पाऊस एक चौरस मीटरवर म्हणजे बरोबर एक लिटर, हे लक्षात ठेवलं की सगळं तोंडी होतं. तासाभरात ४० मिलिमीटरची सर धरा, म्हणजे प्लॉटवर ४०,००० लिटर. छप्पर आणि फरशी ९० टक्के वाहून देतात, बाग साधारण पाव. आत्ता तुम्ही ८०० मीटरवरून २८,८०० आणि बागेतून २,०००, मिळून ३०,८०० लिटर बाहेर टाकता. बाग काँक्रीट केली की ३६,०००. फरक ५,२०० लिटरचा, म्हणजे एक छोटा टँकर, एका तासात, एका सोसायटीचा. तुमच्या लेनमध्ये अशा किती सोसायट्या आहेत मोजा.

आणि आपल्याकडे शुल्क नाही असं पूर्ण खरं नाही हां. २०२० च्या एकत्रित विकास नियमावलीत ५०० चौरस मीटर आणि त्यावरच्या प्लॉटवरच्या नवीन बांधकामाला पाऊस साठवायची किंवा जिरवायची सोय लागतेच, आणि केली नाही किंवा नंतर नीट ठेवली नाही तर दर १०० चौरस मीटर बांधकामाला वर्षाला १,००० रुपयांपर्यंत आकार लावता येतो. आता यातली खोच बघा, हा आकार बांधकामाच्या क्षेत्रफळावर आहे, काँक्रीट केलेल्या अंगणावर नाही. म्हणजे तुम्ही बाग काढलीत तर घरपट्टीत फरक पडायचा नाही, यातही पडायचा नाही. फुकट! म्हणूनच सगळे करतात.

फक्त शोषखड्डा खणायच्या आधी खाली काय आहे ते बघा. आपल्याकडे खाली काळा पाषाण, कुठं पाच फुटांवर लागतो कुठं वीस. वर मुरूम असेल तर पाणी छान जातं, सरळ पाषाणात खड्डा केला तर तो हौद होतो आणि डास.

सिडकोकर

हे बाकी पटलं. आमच्या इथं एकानं केला होता, त्यात बेडूक राहतात.

गोदाकाठ

सेक्रेटरी, तुमच्या टेरेसचे पाइप कुठं जोडलेत ते बघितलंय का कधी? बहुतेकांना माहीतच नसतं.

इंदिरानगरचा_सेक्रेटरी

पंधरा दिवसांनी लिहितोय, सॉरी. गोदाकाठ, तुमच्या त्या एका ओळीनं आमची झोप उडवली.

आमच्या पार्किंगमधलं चेंबर दर पावसाळ्यात उफाळतं, घाण वास, आम्हाला वाटायचं लाईन तुंबते, दरवर्षी गाडी बोलावून साफ करायचो, मेंटेनन्समधून पैसे जायचे. या वेळी प्लंबरनं एक साधी गोष्ट केली. बादलीभर पाण्यात गेरू कालवला, टेरेसवर जाऊन एकेका पन्हाळीत ओतला आणि आम्ही खाली सगळ्या चेंबरची झाकणं उघडून उभे. चार पाइप, आणि चारही वेळा लाल पाणी आलं ते मैल्याच्या चेंबरला. पुढच्या रस्त्यावरच्या पावसाळी जाळीकडं टिपूस नाही. म्हणजे बिल्डरनं पाइप वाचवायला सगळं छप्पर भुयारी गटारीला जोडून दिलं होतं आणि आम्ही बारा वर्षं दुसऱ्यांना नावं ठेवत होतो. बिल्डर आता फोन उचलत नाही, ते जाऊ द्या.

एजीएम रविवारी झाली. तुमचा टँकरचा हिशेब मी फळ्यावर लिहिला, ते ५,२०० लिटर वाचून पार्किंगवाले पाटीलकाका पण जरा गप्प झाले, मग म्हणाले गाडी लावायची कुठं ते सांगा. ते पण खरंच आहे. शेवटी असं ठरलं की बागेचा अर्धा भाग पार्किंगला जाईल पण काँक्रीट नाही, भोकाचे ब्लॉक ज्यात गवत येतं ते, आणि मागचे दोन पन्हाळीचे पाइप तोडून बागेत. खणलं तर सात फुटांपर्यंत मुरूम निघाला, मग कडक लागलं, तिथंच थांबून खडी भरली. पुढचे दोन पाइप रस्त्याच्या पावसाळी लाईनला जोडायचा अर्ज दिलाय.

खडूस_काकू

चाफ्याचं काय झालं?

इंदिरानगरचा_सेक्रेटरी

एक गेला. कढीपत्ता ठेवलाय, तिसऱ्या मजल्यावरच्या आजी कुऱ्हाडीसमोर उभ्या राहिल्या.

मखमलाबादचा_मळेकरी

ब्लॉकच्या भोकांत माती भरताना काळी भरू नका, वाळू मिसळा. नाहीतर गच्च बसेल आणि पाणी वरच राहील.

इंदिरानगरचा_सेक्रेटरी

अरेरे. काळीच भरलीय, कालच ट्रॉली रिकामी केली.

मखमलाबादचा_मळेकरी

मग उद्या सकाळी या मळ्यावर, चार पोती वाळू पडलीय बांधकामाची, घेऊन जा. गाडी स्वतःची आणा.